आमच्या गावची फुकटातली अँब्युलन्स: ५ पैकी ४ स्टार, एक का कापला ते खाली लिहिलंय

हा रिव्ह्यू आहे पण दुकानाचा नाही, कंपनीचा नाही आणि सरकारी खात्याचा तर अजिबात नाही. अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातल्या, म्हणजे सेंट्रल जर्सीतल्या आमच्या छोट्याशा गावात ९११ (इथला इमर्जन्सीचा नंबर) लावलं की जी अँब्युलन्स येते ती, म्हणजे गावचं व्हॉलंटियर फर्स्ट एड स्क्वॉड, त्याचा आहे. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाहीये कारण पुढे तक्रार पण आहे आणि ती माणसं मला दर रविवारी ग्रोसरीच्या लाइनमध्ये भेटतात.

आधी माझा मूर्खपणा सांगते. आठ वर्षं या गावात राहून माझी पक्की समजूत होती की अँब्युलन्स आपल्या टॅक्समधून चालते, एवढा प्रॉपर्टी टॅक्स घेतात (जर्सीवाल्यांना सांगायला नको) मग एक गाडी ठेवत असतीलच की. दर वर्षी उन्हाळा संपता संपता घरी एक पाकीट यायचं, वर निळ्या रंगाची सहा टोकांची चांदणी, आत डोनेशनचं पत्र आणि पत्ता छापलेलं परतीचं पाकीट. मी ते पिझ्झाच्या कूपनांबरोबर थेट रिसायकलिंगच्या डब्यात टाकायचे. सलग आठ वर्षं.

मग फेब्रुवारी आला. आईबाबा कराडहून आलेले, नवरा ऑफिसच्या कामाला डॅलसला, बाहेर बर्फ, आणि रात्री पावणेतीनला जिन्यात धप्प. बाबा ७६ वर्षांचे, बाथरूमला उठले आणि अंधारात लाइटचं बटण कराडच्या घरातल्या जागी शोधत होते. लँडिंगवर पडलेले, उजवा पाय बाहेरच्या बाजूला वळलेला आणि दुसऱ्यापेक्षा आखूड दिसत होता, हे मला तेव्हा कळलं नाही नंतर कळलं. वरून आईचं "अहो, अहो, काय झालं हो" चालू आणि बाबा मला म्हणतायत, "अगं काही नाही झालं, उचल मला, जरा आयोडेक्स लाव." ९११ वरच्या बाईने विचारलं श्वास घेतायत का, शुद्धीवर आहेत का, डोक्याला लागलंय का, रक्त पातळ करायचं औषध घेतात का, आणि शेवटी दोनदा बजावलं की हलवू नका. मी म्हटलं बाबा, हलायचं नाही म्हणतायत. तर म्हणे त्यांना काय जातंय सांगायला.

पोलीस चार मिनिटांत दारात, ऑक्सिजनची बॅग घेऊन. इथे बऱ्याच गावांत तसंच असतं, पोलीस आधी पोचतो. अँब्युलन्स अकराव्या मिनिटाला, मी फोनमध्ये नंतर वेळा बघितल्या म्हणून सांगते. तिघं आत आले. साठीपुढचे जाडजूड मिशीवाले एक गृहस्थ, एक चाळिशीतली बाई जिच्या जॅकेटखाली चक्क पायजमा दिसत होता, आणि अठरा-एकोणीस वर्षांची उंच पोरगी जी सगळं सामान उचलत होती.

मिशीवाले सरळ बाबांच्या खालच्या पायरीवर बसले, म्हणजे त्यांचं तोंड बाबांच्या तोंडासमोर आलं. मी सारखी बाबा बाबा म्हणत होते तर त्यांनीही बाबाच म्हणायला सुरुवात केली, त्यांना वाटलं हेच नाव. पायाला हात लावायच्या आधी दर वेळी सांगायचे की आता हात लावतोय. दोन्ही गुडघ्यांच्या मध्ये घडी केलेलं ब्लँकेट घालून पाय एकत्र बांधले, मग एक स्ट्रेचर आणलं जे मधून उभं उघडून दोन तुकड्यांचं होतं, एक फाळी डावीकडून सरकवली एक उजवीकडून आणि मध्ये खटकन जोडलं. बाबांना कुशीवर वळवलंच नाही, खालच्या खाली उचललं! जिन्याच्या सहा पायऱ्या उतरताना ती पोरगी मागून प्रत्येक पायरी मोजून सांगत होती. बर्फाच्या बुटांनी कार्पेटची वाट लागली पण त्याचा स्टार कापत नाहीये.

औषधांचा एक धडा सगळ्यांनी घ्या. मी घाईत बाबांचा औषधांचा बटवा आणून दिला, आत इकोस्प्रिन, टेल्मा, थायरोनॉर्म. पायजमावाली बाई एकेक स्ट्रिप उलटसुलट करून बारीक अक्षरं वाचत बसली, कारण आपली ब्रँड नावं इथे कुणाला माहीत असणार. मग मीच ओरडले की हे अ‍ॅस्पिरिन आहे. आता फ्रिजवर कागद लावलाय, अ‍ॅस्पिरिन, टेल्मिसार्टन, थायरॉक्सिन, पुढे डोस, सगळं इंग्रजीत. आईवडील इकडे येणार असतील तर विमानात बसायच्या आधी करा.

गाडीत बाबा कण्हत होते, मी म्हटलं दुखणं कमी करायला काहीतरी द्या ना. तर नाही देता येत. जर्सीतली सिस्टीम अशी की गावची स्क्वॉड्स बेसिक, म्हणजे ऑक्सिजन, पट्टी, सीपीआर, शॉकचं मशीन आणि न्यायचं काम. सुई, सलाइन, दुखण्याची इंजेक्शनं देणारे पॅरामेडिक हॉस्पिटलचे असतात आणि वेगळ्या गाडीने येतात, तेही केस तशी असेल तरच. हे बाबांना मराठीत समजावलं तर तशाही अवस्थेत म्हणाले, "आमच्याकडं १०८ मध्ये डॉक्टर असतो." आणि खरंय ते, महाराष्ट्रात २०१४ ला १०८ सुरू झाली तेव्हा ९३७ गाड्या घेतल्या, त्यातल्या २३३ अ‍ॅडव्हान्स्ड, आणि गाडीत डॉक्टर ठेवायचा हे पहिल्यापासून ठरलेलं. अमेरिकेत डॉक्टर सहसा गाडीतून येत नाही. बाबांचा दुसरा प्रश्न असा की गाडीवर कुणाचं नाव कसं काय नाही. आपल्याकडे कशी मंडळाची असते नाहीतर पतसंस्थेची, बाजूला अमुकतमुक यांच्या स्मरणार्थ, मागे आमदारांचा हात जोडलेला फोटो.

खांदा शाबूत, खुबा मोडलेला, ऑपरेशन झालं. हॉस्पिटलचं बिल आणि व्हिजिटर इन्शुरन्स हे एक वेगळं रामायण आहे, इथे नको. स्क्वॉडचं बिल मात्र आलं नाही. मी दोन महिने वाट बघत होते, अमेरिकेत बिल येत नाही म्हणजे मोठं येणार. आलंच नाही, आमचं स्क्वॉड पेशंटला बिल लावतच नाही. (सगळीकडे असं नाही हं, काही गावांची इन्शुरन्सला लावतात, आपल्या गावचं विचारून ठेवा.)

पण मी खरी हलले ती कवळीमुळे. गाडीत मळमळायला लागलं म्हणून बाबांची कवळी काढली, कुणीतरी कपात ठेवली आणि ती राहिली तिथेच. दुसऱ्या दिवशी बाबा हॉस्पिटलात कवळीशिवाय जेलो खात बसलेले आणि मी वैतागलेली, आता ही कुठे शोधायची. संध्याकाळी बेल वाजली, दारात मिशीवाले. हातात झिपलॉकची पिशवी, आत कवळी, धुऊन पुसून. अंगावर प्लंबिंग कंपनीचा शर्ट, बाहेर तीच व्हॅन उभी. मग ट्यूब पेटली की यांनीच आमच्या शेजाऱ्यांकडे वॉटर हीटर बसवलाय! मी विचारलं तुम्ही पार्ट टाइम करता का अँब्युलन्सचं, पगार किती देतात. ते हसले. म्हणाले तेहतीस वर्षं झाली, अजून एक डॉलर मिळालेला नाही.

त्यानंतर मी जरा वेडीच झाले म्हणा ना. मे महिन्यात त्यांचं ओपन हाऊस असतं, मुलांना घेऊन गेले आणि मुलं गाडीत चढउतर करत होती तेवढ्यात मी भिंतीवरचे फोटो बघत बसले. सगळ्यात जुन्या फोटोत पांढरा डगला घातलेले पुरुष एका लांबलचक, बुटक्या छपराच्या कॅडिलॅकसमोर उभे. मी म्हटलं ही तर मयताची गाडी वाटतेय. तिथले एक आजोबा म्हणाले जवळपास तीच. आणि मग त्यांनी जे सांगितलं, आणि मी घरी येऊन वाचलं, ते असं.

अमेरिकेत एके काळी अँब्युलन्स चालवायचे अंत्यविधीवाले. का, तर माणूस आडवा मावेल अशी गाडी गावात त्यांच्याकडेच असायची. १९६६ मध्ये इथल्या नॅशनल अ‍ॅकॅडमी ऑफ सायन्सेसने एक अहवाल काढला त्यात लिहिलंय की देशातली निम्मी अँब्युलन्स सेवा सुमारे १२,००० अंत्यविधीवाल्यांच्या हातात आहे. म्हणजे माणूस जगला तर अँब्युलन्सचे पैसे, नाही जगला तर पुढचे पैसे, गिऱ्हाईक कुठे जात नाही. त्याच अहवालात आहे की आदल्या वर्षी, १९६५ मध्ये, अपघातांत १ लाख ७ हजार माणसं गेली, आणि मदत करायला जाणाऱ्यांना शिक्षण नाही, गाडीत सामान नाही. त्यानंतर मग सरकार जागं झालं, १९६८ मध्ये अलाबामातल्या हेलीव्हिल नावाच्या छोट्या गावातून पहिला ९११ कॉल लागला, आणि ईएमटीचा, म्हणजे अँब्युलन्सवर काम करणाऱ्यांचा, ठरावीक कोर्स आला, सुरुवातीला ८१ तासांचा. आता तो दोनशे तासांच्या आसपास गेलाय. पिट्सबर्गमध्ये १९६७ ला फ्रीडम हाऊस म्हणून एक सेवा निघाली, काळ्या लोकांच्या वस्तीतली बेरोजगार पोरं शिकवून तयार केली डॉ. पीटर सफार यांनी, आणि ती त्या काळात देशातल्या सगळ्यात चांगल्यांपैकी होती. १९७५ मध्ये शहराने ती बंद केली. यावर स्वतंत्र लिहायला पाहिजे कुणीतरी.

पण व्हॉलंटियरवाली गोष्ट याच्याही आधीची आहे. व्हर्जिनियात रोअनोक म्हणून रेल्वेचं गाव. १९०९ मध्ये ज्युलियन वाइज नावाच्या नऊ वर्षांच्या पोराने नदीत होडी उलटलेली बघितली, काठावर माणसं उभी आणि दोन जण त्यांच्या डोळ्यांदेखत बुडाले कारण कुणालाच काय करायचं माहीत नव्हतं. ते त्याच्या डोक्यातून गेलं नाही. मोठा होऊन रेल्वेत लागला आणि १९२८ मध्ये कामावरचे मित्र गोळा करून दहा जणांचं पथक काढलं, माणसं वाचवायचं शिकलेलं, पैसे न घेणारं. अमेरिकेतलं पहिलं स्वतंत्र व्हॉलंटियर रेस्क्यू पथक म्हणून तेच धरतात. आमच्या जर्सीतही बेलमारसारख्या समुद्रकाठच्या गावात त्याच सुमारास स्क्वॉड उभं राहिलं आणि मग गावोगाव लोण पसरलं, शेजारच्या प्रिन्स्टनचं १९३९ चं आहे. सीपीआर म्हणून आपण जे छाती दाबणं ओळखतो ते १९६० नंतरचं, म्हणजे ही माणसं पहिली तीस वर्षं बँडेज, ऑक्सिजन आणि जोरात गाडी चालवणं एवढ्यावर काम करत होती.

आजोबांकडून ऐकलेली सगळ्यात भारी गोष्ट बोलवण्याची. आधी फायर हाऊसच्या छपरावर भोंगा, तो वाजला की दुकान टाकून धावायचं. मग घरात डब्यासारखा रेडिओ आला, तो रात्री बायकोच्या उशाशी किंचाळायचा. मग कमरेचा पेजर, आता फोनवर अ‍ॅप, पण पेजर अजून आहेच, त्यांचा अ‍ॅपवर विश्वास नाही. स्वतःच्या गाडीला निळा दिवा. मला वाटायचं हे निळे दिवेवाले साध्या वेषातले पोलीस, मी दर वेळी घाबरून बाजूला घ्यायचे, तर ते प्लंबर आणि शाळामास्तर पथकाच्या गॅरेजकडे निघालेले असायचे.

आणि बायका. जुन्या फोटोंत बायका आहेत पण वेगळ्या ओळीत, कॉफी-सँडविच करणारं महिला मंडळ म्हणून. पुढे बऱ्याच गावांत पुरुष दिवसभर न्यूयॉर्कला नोकरीला जायला लागल्यावर गाडीवर माणूस मिळेना, मग बायकांनी कोर्स केले आणि दिवसाची ड्यूटी घेतली. पायजमावाल्या बाईंच्या आईने तशीच सुरुवात केलेली. आता त्या बायकाही नोकरीला जातात हे लक्षात ठेवा, कापलेला स्टार इथूनच येणार आहे.

तर तो स्टार. जुलैमधली आषाढी एकादशी, बुधवार, दुपारी दीड. आईचा कडक उपास, बाहेर ९५ डिग्री फॅरनहाइट, आणि बाईसाहेब अंगणात तुळशीपाशी काहीतरी करत होत्या. आत आली ती घामाने डबडबलेली, "मला कसंतरी होतंय गं", आणि सोफ्यावर आडवी. छातीत जड वाटतंय म्हणाली म्हटल्यावर माझे हातपाय गार. ९११ लावलं, पोलीस पाच मिनिटांत, ऑक्सिजन लावला. आणि मग काही नाही. पोलिसाच्या रेडिओवर ऐकू येत होतं, आमच्या स्क्वॉडला एकदा टोन (पेजरवर बोलावणं), कुणी नाही, दुसऱ्यांदा टोन, कुणी नाही. मग शेजारच्या गावाला विचारलं, त्यांची गाडी दुसऱ्या कॉलवर. शेवटी एका खाजगी कंपनीची अँब्युलन्स आली, चोविसाव्या मिनिटाला. चोवीस मिनिटं घड्याळाकडे बघून काढा एकदा, मग कळेल. आई ठीक निघाली, पाणी कमी पडलं आणि उपासाचा साबुदाणा-शेंगदाणा, ईसीजी साफ. कंपनीचं बिल १,३८० डॉलर.

मी भडकलेच. तडक ईमेल लिहिलं स्क्वॉडला, जरा जास्तच कडक. कॅप्टनचा फोन आला दुसऱ्या दिवशी रात्री, म्हणजे तिची नोकरी संपल्यावर. तिने एकही सबब सांगितली नाही. म्हणाली, चूक आमचीच, पण आकडा ऐक, कागदावर अठ्ठावीस जण आहेत, त्यातले बुधवारी दुपारी गावात असणारे तीन, त्या दिवशी एक कीमोला होता, एक मुलीच्या डिलिव्हरीला आणि एकट्याला गाडी काढता येत नाही. पूर्वी गावातच हार्डवेअरचं दुकान, बँक, गॅरेज असायचं, मालक पोरांना सोडायचे. आता दुकानं मॉलमध्ये आणि पोरं ट्रेनमध्ये. जर्सीतली कित्येक स्क्वॉड्स गेल्या काही वर्षांत यामुळेच बंद पडली, नाहीतर शेजारच्यात विलीन झाली, नाहीतर दिवसा पगारी माणसं ठेवली. आमच्या स्क्वॉडचं पण टाउनशिपशी, म्हणजे गावच्या कारभाऱ्यांशी, दिवसाच्या पगारी क्रूचं बोलणं चालू आहे, आणि त्यावरून आत दोन तट आहेत, जुन्यांना वाटतं एकदा पगार शिरला की व्हॉलंटियर संपले. मला विचाराल तर शिरू दे पगार. आई सोफ्यावर असताना मला परंपरा नको, गाडी हवी.

हे पण लिहिते कारण आपल्याच ग्रुपवर एकाने टोमणा मारला की ही सगळी कॉलेज अ‍ॅप्लिकेशनमध्ये दाखवायला आलेली पोरं. आहेत, नाही कशाला म्हणू. ती उंच पोरगी जॉइन झाली तेव्हा तिच्याही डोक्यात तेच होतं, तिनेच सांगितलं. पण ती कॉलेजला गेल्यावरही सुट्टीत येऊन रात्रपाळी करते, त्याचं सर्टिफिकेट कोण देतंय. आणि अ‍ॅप्लिकेशनसाठी कुणी पुरात उतरत नाही. २०११ मध्ये आयरीन वादळात प्रिन्स्टनच्या स्क्वॉडमधला एक जण पाण्यात अडकलेल्या गाडीकडे दोरी बांधून निघाला, आत कुणी अडकलंय का बघायला, आणि वाहून जाऊन त्यातच वारला. गाडी रिकामी होती. २००१ ला न्यूयॉर्कवर सप्टेंबर ११ चा हल्ला झाला तेव्हा पण जर्सीच्या गावोगावच्या अँब्युलन्स हडसन नदीच्या अलीकडे लिबर्टी स्टेट पार्कला रांगा लावून उभ्या होत्या, आमच्या मिशीवाल्यांचीही त्यात होती. पेशंट फारसे आलेच नाहीत, ते म्हणतात, तेवढंच बोलतात आणि विषय बदलतात.

बाकी बारीकसारीक. घराचा नंबर रस्त्यावरून दिसेल असा लावा, आमचा झुडपामागे होता, अकरातलं एक मिनिट त्यात गेलं. पोर्चचा लाइट लावा, कुत्रं असेल तर खोलीत कोंडा. आईवडिलांना इंग्रजी येत नसेल तर एक जण गाडीत बरोबर येऊ द्या म्हणून ठामपणे सांगा, पुढच्या सीटवर घेतात. आणि आभार मानायला खायला न्यायचं असेल तर आधी विचारा. आईने बेसनाचे लाडू केलेले, मी डबा घेऊन गेले तर पहिला प्रश्न नट्स आहेत का, वरचे काजू काढून टाकले तरी चालले नाहीत, आईला फार लागलं ते. पुढच्या आठवड्यात शंकरपाळे नेले, ते मात्र पंधरा मिनिटांत संपले.

या सप्टेंबरला पाकीट आलं तेव्हा मी चालत जाऊन मेलबॉक्समधून आणलं. बाबा कराडला परत गेलेत, काठी टेकत रोज कृष्णेच्या घाटापर्यंत जातात, त्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले माझ्याकडून पण घाल, अडीचशे घाल, आणि वर एक घालायला विसरू नकोस. २५१ डॉलरचा चेक टाकला. चार दिवसांनी स्क्वॉडच्या ट्रेझरर आजींचा फोन, अगदी संकोचून, की चेकवर चुकून २५१ लिहिलंय, तुला २५० लिहायचे होते का, मी दुरुस्त करून घेऊ का. मी म्हटलं नाही, तो एक बाबांचा आहे. त्यांनी नीट लिहून घेतलं, बाबा, वन डॉलर, आणि स्पेलिंग विचारलं.